तोंडीलावणं

“तुम्ही अनीच्या मिसेस ना?” असं काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याच्याच ब्लडप्रेशरच्या गोळ्या मोजत होते आणि नव्वदपैकी चौसष्टपर्यंत आले होते. माझ्या बिल्ल्यावरचं आठल्ये हे आडनाव त्याने मोठ्या कष्टाने वाचलं होतं. मी हो म्हटलं. अनिरुद्धचा इथे केव्हाच अनी झालेला आहे, त्याचं मला आता काही वाटत नाही. म्हाताऱ्याचं नाव ग्रॅहम. अनिरुद्ध शनिवारी ज्या बोल्स क्लबात जातो, हिरवळीवर जड गोळे घरंगळत सोडायला, तिथला हा जुना मेंबर. तो काउंटरवर रेलला आणि म्हणाला, की दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुमचा नवरा जो बीफ रोस्ट करतो, तसा मी सत्तर वर्षांत कुठे खाल्लेला नाही, माझी आई धरून. मी विचारलं, करतो म्हणजे मागवतो का? नाही नाही, करतो, ग्रॅहम म्हणाला, सकाळी आठपासून किचनमध्ये असतो, कुणाला आत येऊ देत नाही. आणि सोबतीला त्या तुमच्या हिरव्या गोल वड्या. त्यांच्यावर ग्रेव्ही ओतली की आम्हा तीस जणांची मारामारी होते. मी खाली बघितलं. चौसष्ट होत्या की चोपन्न, काही केल्या आठवेना. सगळ्या गोळ्या परत डब्यात ओतल्या आणि एकपासून सुरुवात केली.

बीफचा मला धक्का बसला नाही असं नाही. बसला. पण तो शिंकेसारखा आला आणि गेला. इथे चोवीस वर्षं काढल्यावर कोण बाहेर काय खातो याचा हिशेब मी सोडून दिला आहे. मी स्वतः अंड्यापर्यंत येऊन थांबले, तो पुढे गेला असेल, जाऊ दे. मला रुतला तो दुसरा शब्द. करतो. अनिरुद्ध करतो. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने गॅससमोर उभं राहून एक धड गोष्ट केलेली मी पाहिलेली नाही. मोहरी कुठली आणि खसखस कुठली हे त्याला सांगता येत नाही. चहाला ठेवलं तर पातेलं करपवतो आणि करपलेलं पातेलं सिंकमध्ये पाण्याने भरून ठेवतो, म्हणजे जणू काही काम झालं. आणि तो म्हणे सकाळी आठपासून किचनमध्ये असतो आणि कुणाला आत येऊ देत नाही. अरे, माझ्या किचनमध्ये तुला कुणी अडवलं होतं?

त्या वड्या म्हणजे माझी कोथिंबीर वडी. सहा वर्षांपूर्वी तो क्लबात जायला लागला तेव्हा मला म्हणाला, तिथे सगळं मांसच असतं गं, मला डबा दे. मी देत आले. मग म्हणाला, मित्रांना पण आवडतात, जरा जास्त देशील का. मी तीस वड्या द्यायला लागले, पुढे चाळीस. शेवटच्या शनिवारी मी साडेपाचला उठायचे. चार जुड्या निवडायच्या, धुवायच्या, बारीक चिरायच्या, पिठात कालवून उंडे उकडायचे, गार झाले की कापायचे, तळायचे. गेली दोन वर्षं हे मी माझ्या या उजव्या हाताने करते आहे, ज्याचा अंगठा आणि पुढची दोन बोटं सकाळी माझी नसतातच. मनगटात नस दाबली गेली आहे. गेल्या मे महिन्यात सुरी बोटाला लागली, ते मला ओट्यावर थेंब दिसल्यावर कळलं. तरी मी चिंधी गुंडाळली आणि उरलेली जुडी चिरली, कारण बिचारा उपाशी राहील. तो उपाशी नव्हता. तो तिथे रोस्ट कापत होता, आणि माझी वडी त्या रोस्टचं तोंडीलावणं होती. दुपारी चारला अंघोळ करून, केस विंचरून घरी यायचा. मी मनात म्हणायचे, बघा, किती टापटीप माणूस.

संध्याकाळी घरी आले आणि गाडीतच बसून राहिले. आमच्या फ्लॅट बुशच्या रस्त्यावर सगळी घरं सारखी, सगळ्यांचे गॅरेजचे दरवाजे सारखे. अनिरुद्ध ऑकलंडच्या मध्यातल्या ऑफिसातून मोटरवेने यायला अजून पाऊण तास होता. मला वेलिंग्टनचं ते पहिलं घर आठवत होतं, टेकडीवरचं, ओल आलेलं. नवीन होतो. मला ताप आला होता, एकशे तीन. मी अंथरुणातून म्हटलं, जरा मऊ खिचडी मिळाली असती तर. बराच वेळ आतून भांड्यांचे आवाज आले आणि मग हा वाडगा घेऊन आला. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स, वर चिमूटभर हिंग. खिचडीत हिंग असतो एवढं त्याला आठवत होतं. मी तापात इतकी हसले की खोकला लागला. ही गोष्ट मी पुढे वीस-बावीस वर्षं लोकांना सांगितली. कुणी जेवायला आलं की श्रीखंडाच्या आसपास ती निघायचीच, आणि मी ती रंगवून सांगायचे, आमच्या ध्यानाने काय केलं माहितीये का. सगळे हसायचे आणि हा शेजारी मान खाली घालून गोड हसत बसायचा. बायकांना वाटायचं, किती भोळा नवरा आहे हिचा. मलाही वाटायचं. त्याला स्वयंपाक न येण्याचा मला अभिमान होता, हे गाडीत बसून कबूल करताना माझाच मला संताप आला.

आणि ऑपरेशन. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, छोटंसं आहे, करून टाका, दोन आठवडे हात ओला करायचा नाही, सहा आठवडे जड उचलायचं नाही. पहिली तारीख आली तेव्हा मी अनिरुद्धला विचारलं, कसं करायचं घरात? तो म्हणाला, माझी काळजी करू नकोस, मी ब्रेड खाऊन राहीन. हे वाक्य त्याने इतक्या शांतपणे म्हटलं की मला तो सहा आठवडे अंधारात ब्रेड चावताना दिसायला लागला, आणि मी तारीख रद्द केली. दुसरी आली तेव्हा म्हणाला, आपण आईला बोलावून घेऊ या का. आई म्हणजे माझ्या सासूबाई, आशालता आठल्ये, वय वर्षं एकोणऐंशी, मुक्काम पुणे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना विमानात घालून इकडे आणायचं, कशासाठी, तर त्यांच्या छपन्न वर्षांच्या मुलाला वरणभात करून घालायला. मला त्या बाईंची दया आली आणि मी तीही तारीख सोडली. आता तिसरी आहे. सोमवारी सकाळी नऊपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाही म्हटलं तर पुन्हा यादीच्या तळाशी. सर्जनने या वेळी माझ्या अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून बघितला, तिथे आता खळगा पडला आहे, आणि म्हणाली, उशीर केलात, सगळं परत येईल असं सांगू शकत नाही. मी फार्मासिस्ट आहे. बोटांना गोळी कळली नाही तर मी काउंटरमागे उभी राहून करणार काय?

तो आला. मी फक्त एवढंच म्हटलं, की आज ग्रॅहम आला होता. अनिरुद्धचा चेहरा असा उतरला की क्षणभर मला वाटलं, कळलं बाई याला. त्याने लॅपटॉपची बॅग खाली ठेवली, सोफ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सुरू झाला. कसं सहा वर्षांपूर्वी एकदा नाही म्हणता आलं नाही, कसा ग्रॅहमने रोस्ट शिकवला, कसं प्रत्येक वेळी वाटायचं की हे शेवटचं, कसं आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी असं काही केलेलं नाही. म्हणाला, मी सोडतो, आजपासून सोडलं. म्हणाला, तू म्हणशील ते प्रायश्चित्त घेतो. माझी भांडी वेगळी ठेव हवं तर. आणि हात जोडून म्हणाला, फक्त आईला सांगू नकोस. मी ऐकत उभी होते आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसत नव्हता. इतका हुशार माणूस, पूल उभे राहतील की पडतील याची गणितं करतो, आणि याला वाटतंय मी गाईवरून बोलते आहे.

मी म्हटलं, अनिरुद्ध, तुला स्वयंपाक येतो. तो म्हणाला, छे, स्वयंपाक कुठे, नुसता रोस्ट. मी म्हटलं, ओव्हन लावता येतो, बटाटे सोलता येतात, ग्रेव्ही करता येते, तीस माणसं जेवायला घालता येतात. तो म्हणाला, ते वेगळं गं, ती गंमत असते. गंमत. मी जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागले, डाव्या हाताने. तो मागे येऊन उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, की खरंच सोडलं.

रात्रभर म्हणे त्याला झोप लागली नाही. मला छान लागली, मी दमले होते. सकाळी सानिकाला, म्हणजे आमच्या मुलीला, वेलिंग्टनला फोन केला. ती तिथे एका सरकारी खात्यात काम करते आणि आईशी इंग्रजीत बोलते. तिला सगळं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी क्लबात जाऊन जेवूनही आली होती. इट वॉज यम, मम. मग माझ्याकडून ऐकून घेतल्यावर म्हणाली, बट यू नेव्हर लेट हिम, मम, यू काइंड ऑफ लाइक्ड इट. मी फोन ठेवला. चोवीस वर्षांची पोरगी, दोन मिनिटांत अर्धं खरं सांगून मोकळी होते. अर्धं खरं आहे म्हणून तर जास्त झोंबलं. हो, मी त्याला कढई हातात दिली नाही. पण त्याने मागितली कधी? तीही काही लपवून ठेवलेली नव्हती, रोज त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेली होती.

शनिवारी मी त्याला सांगितलं, रविवारी संध्याकाळी घरी कर. तो घाबरला. म्हणाला, घरात? आपल्या ओव्हनमध्ये? मी म्हटलं, आपल्याच. तू करतोस ते मला बघायचं आहे. त्याला ती परीक्षा वाटली की क्षमा, कोण जाणे, पण त्याचा चेहरा उजळला. सोबत काय काय करू, असं विचारायला लागला. मी म्हटलं, तू ठरव. गेल्या सव्वीस वर्षांत आमच्या ताटात काय वाढायचं हे मी ठरवलं नाही असा हा पहिला दिवस. मी मनाशी स्पष्ट ठरवलं होतं: हा माणूस सहा आठवडे हे घर चालवू शकतो का, ते मी बघणार. चालवू शकत असेल तर सोमवारी निर्धास्तपणे हो म्हणणार. आणि नसेल तर काय, ते मी ठरवलं नव्हतं.

बोलार नावाचा तुकडा त्याने आणला, खांद्याचा, स्वस्त आणि चिवट, पण मंद आचेवर ठेवला तर लोण्यासारखा होतो म्हणाला. आदल्या दिवशी मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवला. रविवारी दुपारी बाहेर काढला, कागदाने टिपून कोरडा केला, लसूण आणि मिरी लावली. मी ओट्यापलीकडच्या उंच स्टुलावर बसले. खरं सांगते, पहिला अर्धा तास मला नुसतं भरून येत होतं. त्या माणसाचे हात मी कधी असे पाहिले नव्हते. सुरी धरायची एक ढब होती, बोटं आत दुमडलेली, घाई नाही. तुकड्याला सगळीकडून तव्यावर रंग आणला आणि मग ओव्हन एकशे तीसवर ठेवून आत सरकवला. त्यात थर्मामीटरची सुई खुपसली. सत्तावन्नला काढायचा, म्हणाला, एकही अंश जास्त नाही, मग फॉइल घालून अर्धा तास हात लावायचा नाही, आतला रस आत बसतो. कापायचा तो धाग्याच्या आडवा, नाहीतर सगळी मेहनत वाया. हे सांगताना तो देखणा दिसत होता. लग्नाआधी त्याने मला पुलाचं डिझाइन समजावून सांगितलं होतं, तेव्हा असा दिसला होता. वास मला सोसत नव्हता, तरी मी हलले नाही. मला मत्सर वाटला. त्या तीस म्हाताऱ्यांचा मत्सर वाटला, ज्यांना हा माणूस महिन्यातून एकदा मिळत होता.

पण उरलेला सगळा वेळ डोक्याला ताप. सोलाणं कुठे आहे? चाळण कुठे आहे? मोठी परात आपल्याकडे आहे का? घर आमचं अकरा वर्षांचं. क्लबातले खण त्याला पाठ आहेत, हे त्याच्या हाताच्या सवयीवरून दिसत होतं. हात आधी भलत्याच खणाकडे जायचा, क्लबात जिथे सोलाणं असेल तिकडे. पहिल्या तीनदा मी बोट दाखवलं. चौथ्यांदा मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने एकूण एक खण उघडला, पुटपुटला आणि चाळण शोधली. मिळते तर. शोधली की मिळते.

साडेसहाला त्याने टेबल मांडलं. काचेचं मोठं ताट मध्ये, त्यात पातळ कापलेले काप, आतून गुलाबी, रस सुटलेला. भोवती भाजलेले बटाटे, कुमरा म्हणजे इथलं रताळं, भोपळ्याच्या फोडी, कडा चुरचुरीत झालेल्या. हिरवे वाटाणे. फुगलेली यॉर्कशर पुडिंगं, नावाला पुडिंग पण मैद्याची आणि खारी. ग्रेव्हीचं भांडं, पांढऱ्या तिखट मुळ्याची वाटी. दिसायला इतकं सुरेख की मी मनापासून म्हटलं, काय छान केलंस रे. तो समोर बसला, घामाघूम, डोळे माझ्या तोंडाकडे लावून. मी बटाटा वाढून घेतला आणि सहज विचारलं, याला काय लावलंस, किती चकाकतोय. तो उत्साहाने म्हणाला, त्या मांसाची चरबी, त्यातच तर सगळी मजा आहे. मी बटाटा ताटाच्या कडेला ठेवला. कुमरा? त्यातच. भोपळा? एकाच ट्रेमध्ये. पुडिंग? त्याला तर कडकडीत चरबीच लागते. वाटाण्यांकडे मी आशेने बघितलं. स्टॉकमध्ये शिजवलेत, हाडांच्या, तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज खाली गेला होता, कारण सांगता सांगता त्याला दिसायला लागलं होतं.

तीन तास. तीन तास मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते. आठ पदार्थ त्याने निवडले, माझ्यासाठी, मला दाखवायला, आणि त्यातला एकही मला खाता येणारा नव्हता, त्या मुळ्याच्या चटणीखेरीज. आणि वाईट हेतू म्हणावा तर तोही नाही. विसरला. सव्वीस वर्षं माझ्या हातचं जेवून मी काय जेवते हेच विसरला. त्याला आठवावं लागलंच नव्हतं कधी, कारण ते आठवायचं काम माझ्याकडे होतं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला फक्त भूक लागली होती आणि भयंकर चीड आली होती.

तो खजील होऊन उठला, पुन्हा बसला. सॉरी विभा, खरंच सॉरी, म्हणाला. माझ्या रिकाम्या ताटाकडे बघितलं. आणि मग, अगदी प्रेमाने, अगदी काळजीने म्हणाला, “तू तुझ्यापुरता भात टाकतेस का पटकन? दही आहे ना घरात.”

मी उठलेच होते. खुर्ची मागे सरकली होती आणि माझा डावा हात टेबलावर टेकलेला होता, इतकी ती सवय पक्की. मग मी परत बसले.

“नाही,” मी म्हटलं. “उद्या सकाळी मी हॉस्पिटलला हो कळवणार आहे. तुझ्या आई येणार नाहीत. भात तू टाक.”

मला वाटलं आता तो ब्रेडचं नाव काढणार, आणि काढलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. नाही काढलं. उठला. तांदळाचा डबा त्याने तिसऱ्या कपाटात शोधला, वाटीभर तांदूळ पातेल्यात घेतले आणि सिंकपाशी पातेलं धरून उभा राहिला. पाणी किती, असं त्याने मला विचारलं. ज्या माणसाला मांसाच्या पोटातलं तापमान अंशात माहीत, तो मला विचारत होता, पाणी किती. माझ्या जिभेवर होतं. दुप्पट, जुना तांदूळ आहे, वर बोटभर जास्त. मी ओठ मिटून घेतले. मग त्याने हात पुसले, फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला आणि पुण्याला लावला, स्पीकरवर. तिकडे दुपारचं जेवण चाललं असणार.

“आई, एका माणसाच्या भाताला पाणी किती घालायचं?”

पलीकडे ताटात चमचा ठेवल्याचा आवाज आला. “का रे, विभावरी घरात नाही का?”

“आहे.”

“मग बरं नाही का तिला?”

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी बघू दिलं.

“बरी आहे,” तो म्हणाला. “बसली आहे.”

पलीकडे ताट बाजूला सारल्याचा आवाज आला. अठ्ठावन्न वर्षं त्या घरात ताटं वाढली त्या बाईंनी.

“मग बसू दे तिला,” त्या म्हणाल्या. “तांदूळ धुतलेस का?”

अनिरुद्धने नळ सोडला.